सेक्रेटरींच्या मित्राची भीती

चौकशीबाई मानसशास्त्रात एम. ए. करणार ही बातमी इमारतीत पसरली, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यात थांबून म्हणाले, "वा, वा. फार छान. पण स्कोप काय आहे?"

हा स्कोप म्हणजे मोठा अजब प्रकार आहे. तो प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नसतो, पण कशात आहे आणि कशात नाही हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. बाईंच्या नणंदेच्या मते तो शाळांमध्ये होता. हल्ली म्हणे प्रत्येक शाळेला समुपदेशक लागतो. खालच्या औषधवाल्याच्या मते तो इस्पितळात होता, पण तिथे नुसत्या एम. ए.ला कुणी विचारत नाही, त्यापुढे आणखी शिक्षण आणि परवाना लागतो, असं त्याने गोळ्यांची पट्टी कापता कापता बजावलं. मुलीचं म्हणणं, खरा स्कोप कंपन्यांत. माणसं निवडायची, त्यांच्या चाचण्या घ्यायच्या आणि ती कामाला कंटाळली की का कंटाळली याचा अहवाल लिहायचा. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देत संशोधन सुचवलं. नवऱ्याने काहीच सुचवलं नाही. "तू पास होईपर्यंत स्कोपच रिटायर होईल," एवढं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

बाईंना खरं तर स्कोप नकोच होता. त्यांना खुर्ची हवी होती. उभी हयात त्यांनी बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीमागे काढली होती. समोरून प्रश्न पुरता यायच्या आत उत्तर, आणि लगेच "पुढचे!" कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर. शिवाय हरवलेली छत्री, रुसून निघून गेलेला जावई, पोराच्या पोटात दुखतंय तर काय द्यावं, हेही लोक त्याच खिडकीत विचारत आणि बाई त्याचीही उत्तरं देत. म्हणून त्यांचं नावच चौकशीबाई पडलं. पुढे डेपोत एक भलामोठा पडदा लागला, त्यावर गाड्या आपोआप उमटू लागल्या आणि बाईंना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. घरी कुणी काही विचारीना. समोर माणूस बसलाय, तो बोलतोय आणि आपण त्याच्या उपयोगी पडतोय, एवढंच त्यांना पुन्हा हवं होतं. त्यासाठी दोन वर्षं अभ्यास करायची त्यांची तयारी होती.

पहिला फटका प्रवेशाच्या वेळीच बसला, तोही वर्मी. विद्यापीठात चौकशीची खिडकी होती. बाई मोठ्या आपुलकीने, माहेरी गेल्यासारख्या त्या खिडकीशी गेल्या. आतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "बोर्ड बघा." बोर्डावर लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी खिडकीवर चौकशी करावी.' बाई परत खिडकीशी आल्या आणि या धंद्यात उत्तर कसं द्यायचं असतं हे त्यांनी त्या माणसाला इतक्या तपशिलात समजावलं, की मागे रांग वाढली आणि रांगेतल्या चार जणांनी आपले प्रश्न थेट बाईंनाच विचारले. त्यातल्या तिघांची कामं झाली. बाईंच्या पूर्वीच्या पदवीत मानसशास्त्र हा विषय नव्हता, म्हणून त्यांना जोडीला एक जास्तीचा पेपर द्यावा लागला. तो त्या खिडकीतल्या माणसाने सुडापोटीच लावला, असं बाईंचं आजही मत आहे.

पहिलं वर्ष प्रयोगांचं होतं. मानसशास्त्राच्या प्रयोगात ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला 'प्रयुक्त' म्हणतात. हा शब्द बाईंनी घरी वापरला तो दिवस काही बरा नव्हता. "मी तुझा नवरा आहे, प्रयुक्त नाही," असं नवऱ्याने ठणकावून सांगितलं आणि मग ते प्रयुक्त होऊन बसले. आरशात पाहून चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवायची होती. सोपं काम. त्यात हे सरकारी नकाशा कचेरीतले आरेखक. जन्मभर सरळ रेषा मारलेला माणूस. पण आरशात डावं उजवं होतं, वरचं खाली होतं, आणि पेन्सिल जिकडे वळवावी ते सोडून भलतीकडेच निघते. रेघ अशी काही वाकडी गेली की ती चांदणी पाहून सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी बरी काढलीय." त्या दिवसापासून नवऱ्याने मानसशास्त्राला शास्त्र म्हणायचं बंद केलं.

खरा पेच दुसऱ्या वर्षी आला. एका माणसाची केस घ्यायची, त्याच्या सहा बैठका करायच्या आणि मग परीक्षेला बसायचं. केस अर्धवट राहिली तर वर्ष फुकट. मार्गदर्शक मॅडम बाईंपेक्षा निम्म्या वयाच्या आणि दुपटीने कडक होत्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे सल्ला द्यायचा नाही.

"पण मॅडम, समुपदेशन या शब्दातच उपदेश आहे की," बाई म्हणाल्या.

"शब्दात आहे, कामात नाही," मॅडम म्हणाल्या. "समोरच्याचं ऐकायचं. त्याचं त्याला सुचेपर्यंत थांबायचं."

"आणि नाहीच सुचलं तर?"

"तर आणखी थांबायचं."

दुसरी गोष्ट अशी, की ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. नवरा, मुलगी, शेजारीण, कुणीही नाही. विचारायचं तर फक्त मॅडमना. एक शब्द जरी फुटला तरी केस रद्द. नात्यातलं माणूसही केसला चालणार नाही, असं त्यांनी वर जोडलं.

बाईंनी घरी सराव सुरू केला. नवरा म्हणाले, "पाठ दुखतेय." बाई डोळे बारीक करत, मान हलवत म्हणाल्या, "म्हणजे पाठ दुखतेय असं तुम्हाला वाटतंय."

"वाटत नाहीये, दुखतेय!"

"दुखतेय, आणि त्याचा तुम्हाला रागही येतोय."

"मलम दे गं!" नवरा ओरडले. मलम द्यावं की न द्यावं, देणं हा सल्ल्याचाच प्रकार होतो का, यावर विचार करत बाई तशाच बसून राहिल्या. शेवटी मलम सासूबाईंनी आणून दिलं.

पण केसला माणूस मिळेना. इमारतीत चहाला सगळे येत, बोलायला कुणी येईना. बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं म्हणजे डोकं फिरलं यावर शिक्कामोर्तब. जे आले ते दुसऱ्यांना सुधारायला आले: माझ्या सुनेला जरा समजवा, माझ्या साहेबांवर काही उपाय आहे का. परीक्षा जवळ येत चालली आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. अशात एका संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी दारात उभे राहिले.

इथे इमारतीच्या लिफ्टबद्दल सांगायला हवं. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट होती आणि कित्येक महिने ती बंद होती. दारावर सेक्रेटरींच्या टपोऱ्या अक्षरात पाटी होती, 'लिफ्ट दुरुस्तीत आहे.' कुणी विचारलं की सेक्रेटरी म्हणत, "पार्ट यायचाय." हा पार्ट कुठून यायचाय, कसा दिसतो, किती वजनाचा आहे, यावर जिन्यात रोज चर्चा होई. चर्चेला वेळही भरपूर असे, कारण प्रत्येक मजल्यावर थांबून दम घ्यावा लागे. बाई राहत तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंचे गुडघे जिना मानत नसत. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. फाटकाशी एक बाक होता, तिथे त्या रोज ऊन खात बसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायच्या. आता तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्या बाकाकडे बघायच्या. "आता खाली जाईन ती एकदाच, आणि तेव्हा जिन्याचा त्रास मला नाही, तुम्हाला," असं त्या अधूनमधून सुनेला ऐकवत.

सेक्रेटरी हा तसा दणदणीत माणूस. बैठकीत बोलायला उभे राहिले की पार्किंगमधली कबुतरं उडत. पण त्या संध्याकाळी आवाज अगदी खाली होता. "वहिनी, ते तुमचं ऐकायचं काम... चालू आहे का अजून?"

"आहे की. बसा ना."

"माझं नाही हो. माझा एक मित्र आहे. त्याला जरा त्रास आहे."

"मग मित्राला पाठवा."

"तो लाजाळू आहे. मी सांगतो ना, मला त्याचं सगळं माहितीये."

बाईंना नियम आठवला. "ज्याचं त्यानंच सांगायला हवं, भाऊजी. तुम्ही सांगून नाही चालायचं."

आता दुसरा एखादा माणूस इथे काय ते समजला असता आणि घरी गेला असता. सेक्रेटरी नियमाने चालणारे. मित्र हवा म्हणतात ना, तर मित्र आणू. दोन दिवसांनी ते कोपऱ्यावरच्या शिंप्याला घेऊन आले. शिंपी सद्गृहस्थ होता. गळ्यात मापाची फीत, आणि चेहऱ्यावर पाठ केलेला धडा विसरेल की काय अशी भीती. भीती पाहून बाईंना बरं वाटलं. केस अस्सल होती.

आतल्या खोलीत शिंपी खुर्चीत बसला. सेक्रेटरी धीर द्यायला म्हणून शेजारच्या स्टुलावर बसले.

"सांगा," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"मला लिफ्टची भीती वाटते," शिंपी एका दमात म्हणाला.

"कधीपासून?"

शिंप्याने सेक्रेटरींकडे पाहिलं. "मागच्या थंडीपासून," सेक्रेटरी म्हणाले.

"मागच्या थंडीपासून," शिंपी म्हणाला.

"लिफ्टमध्ये असताना तुम्हाला काय होतं?"

शिंपी विचारात पडला. त्याचं दुकान तळाला, घर दुकानाच्या मागे. आयुष्यात तो लिफ्टमध्ये दोनदा चढला असेल. "घाम येतो?" त्याने विचारलं.

"घाम नाही," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे घाम नंतर येतो. आधी कानात आवाज होतो. मग हाताची बोटं गार पडतात. मग वाटतं, की ही जाळी आता कधीच उघडणार नाही. त्या दिवशी लाइट गेली तेव्हा हा एकटाच होता. फोन घरी राहिलेला. हा ओरडला, पण आवाजच फुटेना. एरवी चांगला आवाज आहे हो याचा. दुसऱ्या नि तिसऱ्याच्या मध्ये, ते भिंतीवर प्लंबरने खडूने आपला नंबर लिहून ठेवलाय ना, बरोब्बर त्याच्यासमोर. तो नंबर वाचत बसला हा. लाइट आली, लिफ्ट खाली गेली, तर बाहेर एक लहान मुलगी सायकल घेऊन उभी. ती म्हणते, काका, तुम्ही रडत होता का?"

शिंप्याचेही डोळे भरून आले. "फार वाईट झालं हो तुमचं," तो सेक्रेटरींना म्हणाला, आणि चटकन म्हणाला, "म्हणजे माझं."

प्लंबरचा तो खडूचा नंबर बाईंनी रोज येताजाता पाहिला होता. तो याच इमारतीत होता, याच लिफ्टसमोर. मग सायकलवाली मुलगी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट म्हणजे ही, आणि तो पार्ट जो यायचा होता तो कधीच येणार नव्हता, कारण तो मागवलाच नव्हता. लिफ्ट चालू असती आणि सेक्रेटरी रोज चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेले असते, तर लोकांनी कारण विचारलं असतं. सगळेच जिन्याने गेले म्हणजे कुणाला विचारायचं कारणच उरत नाही. लिफ्टच्या खोलीची किल्ली सेक्रेटरींच्याच खिशात होती.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमकडे धावल्या. "मॅडम, मित्र म्हणजे तेच आहेत!"

"मला ते तुमच्या पहिल्याच वाक्यात कळलं," मॅडम म्हणाल्या. "ते कधी 'मी' म्हणतात त्याची वाट बघा. त्यांच्या वतीने तुम्ही म्हणू नका."

"पण माझ्या सासूबाई वर अडकून पडल्यात!"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. ऐकून घेणं त्यांना चांगलं येत होतं. मग म्हणाल्या, "हो. कठीण आहे." आणि आणखी काहीच म्हणाल्या नाहीत. बाईंना फार राग आला.

पुढचे दिवस वाईट गेले. उत्तर हातात असून ते द्यायचं नाही, हे बाईंनी जन्मात केलं नव्हतं. नवरा पिशव्या घेऊन धापा टाकत वर येत आणि उंबऱ्यातच बसत. सासूबाई खिडकीतून म्हणत, "बाकावर आज कोण बसलंय गं? मला नीट दिसत नाही." बाईंना सांगावंसं वाटे, की आई, लिफ्ट धडधाकट आहे, एक बटण दाबायचा अवकाश. मग केस जाईल, वर्ष जाईल, आणि स्टुलावर बसून मित्राची गोष्ट सांगणारा तो माणूस पुन्हा कुणाकडेच तोंड उघडणार नाही. हे सगळं त्यांना समजत होतं. तरी सासूबाईंच्या पाठीकडे बघताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती. बैठका होत राहिल्या. शिंपी मन लावून यायचा, आता त्याला धडाही पाठ झाला होता, आणि मधूनच तो स्वतःच्या भावाबद्दल बोलू लागे तेव्हा सेक्रेटरी त्याला गुडघ्याने ढोसत.

शेवटी बाईंच्या नवऱ्यानेच इमारतीची बैठक बोलावली. विषय एकच, पार्ट. सगळे पार्किंगमध्ये जमले. नवरा म्हणाले, मी माझ्या ओळखीचा मेकॅनिक रविवारी आणतो, काय तो पार्ट बघू द्या त्याला. सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक पडला. "परका मेकॅनिक चालणार नाही," ते पुटपुटले, आणि त्या दिवशी कबुतरं जागेवरून हललीसुद्धा नाहीत.

"यात गडबड आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "चौकशीबाईंना विचारा. त्यांनी डेपो चालवलाय. बाई, तुम्हीच सांगा, पार्ट यायला इतका वेळ लागतो का? तुम्हाला काय वाटतं, लिफ्टला झालंय तरी काय?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण ते खोटं झालं असतं आणि खिडकीत बसून बाई कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही."

बाईंना वाटलं, आपण मोठ्या शिताफीने निसटलो. पण सांगता येणार नाही म्हणजे सांगण्यासारखं आहे, हे लहान पोरालाही कळत होतं. बैठक तिथेच संपली, कारण प्रत्येकाला घरी जाऊन तर्क लढवायची घाई झाली होती.

दोन दिवसांत इमारतीचा निष्कर्ष निघाला. लिफ्टचा संबंध बाईंच्या पेशंटशी आहे. पेशंट असा आहे, की बाईंना त्याचं नाव सांगता येत नाही. आणि बाईंसारखी बाई तोंडाला कुलूप लावते ती कुणासाठी? घरच्या माणसासाठीच. शिवाय पार्टावरून सर्वांत जास्त चिडतो कोण? धापा टाकतो कोण? पहिल्या वर्षी चांदणी काढता आली नव्हती, हेही कुणाला तरी कुठून तरी कळलं होतं. औषधवाल्याने सुट्टे पैसे परत देताना हळूच विचारलं, "झोप लागते ना साहेब?" मुख्याध्यापक जिन्यात पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मन मोकळं करावं माणसाने."

नवरा घरी आले ते चपलांसकट. "अगं, लोक मला वेडा समजतायत!"

"असं तुम्हाला..." बाई म्हणाल्या आणि वेळीच थांबल्या.

"सगळ्यांना सांग की तुझा तो पेशंट मी नाही."

बाईंनी विचार केला. हे नाहीत असं सांगितलं, की उद्या मुख्याध्यापकांची बायको येऊन म्हणेल, आमचे आहेत का तेही सांगा. असं एकेकाला वगळत गेलं तर शेवटी चौथा मजलाच उरेल. "मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मीच आहे?"

"तेही सांगता येणार नाही."

"अगं, मी आहे की नाही हे मलासुद्धा सांगता येणार नाही?" नवरा खुर्चीत बसले. पायांतल्या चपला त्यांनी आता काढल्या. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "मी झोपेत काही बोलतो का गं?"

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्या उठल्या आणि न सांगता मलम घेऊन आल्या.

शेवटच्या बैठकीला सेक्रेटरी एकटेच आले. शिंपी नव्हता. स्टूल सोडून ते खुर्चीत बसले. रविवार उद्यावर आला होता.

"मित्र नाही आला?" बाईंनी विचारलं.

"नाही." बाहेर सासूबाईंनी खिडकीची कडी काढल्याचा आवाज आला. बाई थांबल्या. एरवी एवढ्या वेळात त्यांनी अर्ध्या गावाला वाटेला लावलं असतं. जिभेवर आलेली वाक्यं त्या एकेक करून गिळत होत्या आणि सेक्रेटरी आपल्या तळव्यांकडे पाहत होते.

"तुमच्या मिस्टरांना लोक काहीबाही बोलतायत," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही एका शब्दाने सांगितलं असतं तर त्यांचं नाव सुटलं असतं."

बाईंनी नुसती मान डोलावली.

"मित्राला... म्हणजे त्याला... " सेक्रेटरींनी मान वर केली. "मला भीती वाटते, वहिनी. मलाच. मी रडलो होतो लिफ्टमध्ये."

"हो," बाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आता काय करू? सांगा ना काहीतरी."

बाईंकडे काय कमी उत्तरं होती! पार्टाबद्दल एक, रविवारबद्दल एक, मेकॅनिकला काय सांगावं याबद्दल दोन. "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

सेक्रेटरींनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "आजींना खाली न्यावंसं वाटतं," ते म्हणाले.

लिफ्टच्या खोलीतलं बटण त्यांनी स्वतः वर केलं. गुरगुरत लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आली. सासूबाई चपला घालून, पदर सारखा करून उभ्याच होत्या. काय चाललंय हे त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. तिघं आत शिरली. जाळी ओढताना सेक्रेटरी अर्ध्यातच थांबले, तेव्हा बाईंनी आपसूक पुढे केलेला हात मागे घेतला आणि त्यांना ती ओढू दिली. लिफ्टने हिसका दिला. सासूबाईंनी सेक्रेटरींचं मनगट घट्ट धरलं.

"मला भीती वाटतेय रे," त्या म्हणाल्या. "किती दिवसांत बसले नाही."

"वाटणारच, आजी," सेक्रेटरी म्हणाले. कपाळावरून घाम ओघळत होता. "मलाही वाटतेय. आपण बोलत राहू. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काहीही. गुडघ्यांचं सांगा."

गुडघ्यांचा विषय तळमजल्यापर्यंत सहज पुरला. जाळी उघडली, आणि समोर बाईंचे यजमान, दोन्ही हातांत पिशव्या, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून तसेच थिजले. लिफ्टचा आवाज ऐकून दारं उघडली होती. मुख्याध्यापक आले, त्यांची बायको आली, औषधवाला दुकान सोडून आला.

"लिफ्ट बिघडलीच नव्हती," सेक्रेटरी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी अडकलो होतो एकदा. तेव्हापासून मला भीती वाटायची. म्हणून मीच बंद ठेवली. माझं चुकलं."

कुणी काही बोलायच्या आत नवऱ्याच्या पिशव्या धाडकन जमिनीवर आल्या. "म्हणजे मी नव्हतो!" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की चिडायला आलेली माणसंसुद्धा चिडायची राहिली. पुढे अर्थातच चिडली. दुसऱ्या दिवसापासून सावकाश, पाळीपाळीने, सगळ्यांनी सेक्रेटरींना काय सुनवायचं ते सुनवलं. बाईंची केस पूर्ण धरली गेली, मार्कही बरे पडले. स्कोपबद्दल मॅडम म्हणाल्या, शाळेत जा, समुपदेशन केंद्रात जा, पुढे शिका, कुठेही जा, तुमचं होईल.

पण ते नंतर. त्या वेळी बाईंना एकच दिसत होतं. सासूबाई कुणाचाही आधार न घेता हळूहळू फाटकाशी गेल्या होत्या आणि बाकावर बसल्या होत्या. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला माहीत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मी वर बसून होते तेव्हाही?"

"हो."

बाईंनी मान खाली घातली. जे काही ऐकावं लागेल ते ऐकायची त्यांनी तयारी केली. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूबाईंनी त्यांना मनातलं असं काही सांगितलं नव्हतं. घरातल्या मोठ्या गोष्टी त्यांना नेहमी नणंदेकडून कळायच्या, किंवा कळायच्याच नाहीत. सासूबाईंनी पाय लांब केले. ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं.

"आपल्या घरातल्या माणसालाही नाही सांगितलंस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्या बाकावर जरा सरकल्या आणि शेजारची जागा तळहाताने झटकली. "बस इथं. मला कधीपासून एक सांगायचंय. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस."

बाई बसल्या आणि काही न विचारता थांबल्या.